किसनआबा आणि आमची मेन लाईन

मानवी संस्कृती नद्यांच्या काठी जन्माला आली, असं मी गेली सव्वीस वर्षं अकरावीच्या मुलांना शिकवतो आहे. किसनआबांशी ओळख होईपर्यंत माझाही त्यावर विश्वास होता. आता वाटतं, काठावर काय, कुणीही राहील. आपलं सांडपाणी कुठून कुठे न्यायचं यावर नऊ घरांचं एकमत झालं, त्या दिवशी संस्कृती सुरू झाली असावी. आमच्या गल्लीत तो दिवस गेल्या उन्हाळ्यात उगवला. शुक्रवार होता.

किसनआबांना घरात पाणी देण्यापूर्वी माणसं थोडा विचार करतात. पेल्यातलं अर्धं पाणी ते पितात आणि उरलेलं अर्धं तुमच्या फरशीवर ओततात. सांडत नाहीत, ओततात. बेताने, बारीक धार धरून. मग दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते पाणी कुठे जातं ते पाहत बसतात. बीडमध्ये आमच्याकडे नळ दहा दिवसांनी येतो. पाहुण्याला पेला गळ्यापर्यंत भरून देणं हा इथे आदराचा कळस समजला जातो. त्या गावात हा माणूस अर्धा पेला जमिनीला पाजतो.

आमच्या घरी ते पहिल्यांदा आले ते पेपर वाचायला. पाणी ओतून झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, "सर, तुमचा हॉल पूर्वेला पळायलाय."

माझ्या बायकोला, सुनीताला, हे वास्तुशास्त्र वाटलं. तिचा चेहरा उतरला. "मग काय करावं लागंल, आबा? शांती?"

"काय न्हाई. फरशी पुसताना पश्चिमेकून सुरू करा."

आबा चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. पाटकरी म्हणजे कालव्याची दारं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. धरणातून रोटेशन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटली की पाणी पाटातून चारीत, चारीतून शेतात जातं. चारीच्या सुरुवातीला ज्याचं शेत तो हेडचा, शेवटाला ज्याचं शेत तो टेलचा. हेडचा माणूस नुसता पाण्याचा दंड फोडून झोपला तरी त्याचा ऊस भिजतो. टेलचा माणूस टॉर्च घेऊन बांधावर बसतो आणि पाटकऱ्याची वाट पाहतो. आबांचं सगळं तत्त्वज्ञान या एका चारीत मावतं. "हेडला कुनीबी पाजतं," ते म्हणतात. "टेलला पोचलं का, ते इचारा."

हा प्रश्न ते कशालाही लावतात. लग्नात मांडवात शिरले की नवरानवरीकडे न बघता थेट शेवटच्या पंगतीकडे जातात आणि तिथल्या पत्रावळीत जिलेबी आहे का पाहतात. नसली तर वधूपित्याला गाठून सांगतात, "पावनं, टेल कोरडं हाय." एकदा आमच्या चौकात एका पुढाऱ्याचं दीड तास भाषण झालं. आबा सगळ्यात मागे, पानटपरीपाशी उभे होते. भाषण कसं झालं असं मी विचारलं, तर म्हणाले, "सुटलं मोठं. हितवर कायबी आलं न्हाई." मी बरीच समीक्षा वाचली आहे. याहून नेमकी वाचल्याचं आठवत नाही.

त्याच पुढाऱ्याने आमच्या सिमेंटच्या रस्त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा हार, फेटे, कोनशिला, सगळं यथासांग होतं. व्यासपीठावरची पाण्याची बाटली आबांनी उचलली आणि नव्याकोऱ्या रस्त्यावर ओतली. पाणी दोन हात पुढे गेलं, थांबलं, आणि वळून व्यासपीठाकडे यायला लागलं. "सायेब," आबा म्हणाले, "पानी तुमच्याकडं यायलंय." साहेबांनी हा आशीर्वाद समजून हात जोडले. रस्ता झाल्यापासून सगळं पाणी कोनशिलेपाशी साचतं. कोनशिला अजूनही वाचता येते, पण पायजमा वर करावा लागतो.

आबा मूळचे वडवणीकडचे. मुलगी पाटोद्याला दिलेली. रिटायर झाल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्या घेऊन एकटेच राहतात. बायको गेल्याला बरीच वर्षं झाली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. खुंटीला टोपी, कोपऱ्यात फुटांच्या खुणा कोरलेला एक बांबू, आणि भिंतीवर देवाऐवजी कालव्याचा जुना नकाशा. गल्लीत कुणाकडे पाणी मुरलं, गळालं, तुंबलं की आबा येतात. बोलवावं लागत नाही. घरच्या देवकार्याला बोलावलं तर मात्र येतीलच असं नाही.

आमचं घर वडिलांनी सत्तरच्या दशकात बांधलं. मागे संडास-बाथरूम, मधे अंगण, पुढे घर, आणि या सगळ्याच्या पोटातून गल्लीपर्यंत गेलेली चिनीमातीच्या पाइपांची मेन लाईन. पन्नास वर्षं तिने कसली तक्रार केली नाही, त्यामुळे ती आहे हेच आम्ही विसरलो होतो. एका मंगळवारी ती तुंबली. बाथरूममध्ये ओतलेलं पाणी संडासातून वर आलं, आणि त्यानंतर जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही.

एरवी चार दिवस शेजारी काढले असते. पण माझी आई दवाखान्यात होती. पडल्यामुळे तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि शनिवारी तिला सोडणार होते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गल्ली तिला माई म्हणते. अंथरुणात भांडं घ्यायला तिने पहिल्याच दिवशी नकार दिला. नर्सने समजावलं, डॉक्टर ओरडले. आईने वाद घातला नाही, तिने पाणी पिणं बंद केलं. पाणी पुढे केलं की म्हणायची, "तहानच नाही." ओठ फुटले तरी तेच. सलाईनवर किती दिवस ढकलणार, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

पुण्याहून माझ्या धाकट्या भावाचा, सुधीरचा, फोन आला. "घरात ती सोय नाही म्हणतोस ना? मग शनिवारी मी गाडी घेऊन येतो आणि तिला इकडंच आणतो. दोन बाथरूम आहेत, लिफ्ट आहे."

आईला हे सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एकदा गेले की तुम्ही मला आणणार नाही." ती खरं बोलत होती. थोडक्यात, शनिवारपर्यंत लाईन सुटली तर आई घरी, नाही तर पुण्याला.

बुधवारी एक कंत्राटदार आले. अंगणात फिरले, हॉल पाहिला, आणि सगळं उकरावं लागेल, आठ दिवस धरा, असं सांगून गेले. गाळ ओढायच्या मशीनची गाडी आली; ती गल्लीच्या वळणात अडकली आणि पंधरा मिनिटं हॉर्न वाजवत उलटी बाहेर गेली. मग कुणीतरी एका माणसाचा नंबर दिला. "तो आत उतरून काढतो."

आपल्याकडे तुंबलं की कुणाला बोलवायचं हे जातीनं ठरवून ठेवलेलं आहे. या विषयावर मी पुष्कळ वाचलं आहे, कॉलेजात एकदा व्याख्यानही दिलं आहे. तरी फोन माझ्या हातात होता आणि नंबर लावून झाला होता. तेवढ्यात दारात किसनआबा उभे राहिले. हातात बांबू.

"कुनाला लावायलात?"

मी सांगितलं.

"ठिवा तो फोन. चेंबरात मानूस उतरवायचा न्हाई. गॅस असतो आत." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आन् घान कुनाची हाय?"

"आमची."

"मंग तुमी काय करायलात?"

मी फोन ठेवला आणि पायजमा वर खोचला.

आबांनी अंगणातून दोन चकरा मारल्या. "मधलं चेंबर कुटाय?"

"मधे चेंबर नाही, आबा."

"सत्तर फुटांत एकबी चेंबर न्हाई? असा गवंडी जन्माला आला न्हाई अजून."

मग आठवलं. होतं. सुधीरच्या लग्नाच्या वेळी वडिलांनी अंगणात नवी फरशी घातली होती, आणि व्याह्यांच्या नजरेला चेंबर पडू नये म्हणून ते फरशीखाली घेतलं होतं. वर सोफा ठेवून नवरानवरीला बसवलं होतं. आता ती जागा कुणाला सांगता येईना. सुनीताने लग्नाचा अल्बम काढला. सोफा सापडला, वधूवर सापडले, पण सोफ्यामागे लावलेल्या पडद्यामुळे अंगणाची कुठली बाजू ते कळेना. एका फोटोत मात्र व्याही नाकाला रुमाल लावून बसलेले दिसत होते. त्यांना सर्दी होती असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो.

"अल्बम ठिवा. पेलाभर पानी आना," आबा म्हणाले.

पाणी आलं. या वेळी ते प्यायले नाहीत. सगळं फरशीवर सोडलं आणि उकिडवे बसले. पाणी निघालं, दोन फरश्यांच्या सांध्यातून सरकलं, धुण्याच्या दगडाजवळ थबकलं, आणि तिथे रुपयाएवढं तळं करून थांबलं. आबांनी बांबूचं टोक आपटलं. आवाज पोकळ आला. "पंचवीस वरसात फरशी नखभर दबलीय," ते म्हणाले. "आपल्याला न्हाई दिसत. पान्याला दिसतं." फरशी काढली. खाली लोखंडी झाकण होतं.

मी बऱ्याच विद्वानांना शोध लावताना पाहिलं आहे. त्यात शाल असते, श्रीफळ असतं. इथे फक्त वास होता. पण माझे हात आपोआप जोडले गेले असते, जर ते स्वच्छ असते.

पुढचा एक दिवस आम्ही तुंबलेलं पाणी बादलीने उपसलं आणि बांबूच्या कामट्या एकाला एक बांधून लाईनीत सारल्या. आबा पुढे, मी मागे, दोघेही गुडघ्यांवर. अधूनमधून आबा लाईनीशी बोलत. "चल बाई. लई बसलीस." गुरुवारी दुपारी कामटी गल्लीच्या चेंबरात निघाली. मी उठून उभा राहिलो. आबांनी एक तांब्या पाणी ओतलं. पाणी गेलं, पण कण्हत गेलं. मग थांबलं.

"वाट झालीय," आबा म्हणाले. "पन पानी चालंना."

"का?"

"सुकलीय ती. धा दिसाला नळ, आन् तुमी दोन तांबे वतता, म्हनता जा. कुटून जाईल? पन्नास वरसांचा गाळ धरून बसलीय. हिला एकदम पानी पायजे. पाट सोडतो तसं."

उपाय त्यांच्याकडे होता. मधल्या चेंबरचं तोंड गोणपाटाच्या बोळ्याने बंद करायचं, बोळ्याला दोर बांधायचा, चेंबर काठोकाठ भरायचं, शेजारी दोन ड्रम भरून ठेवायचे, आणि दोर ओढून सगळं एकदम सोडायचं. असं तीन वेळा. प्रश्न एवढाच होता की बीडमध्ये उन्हाळ्यात, नळ यायला तीन दिवस असताना, एवढं पाणी गटारीत ओतायला आणायचं कुठून? टँकर गल्लीत शिरत नाही. आमच्या टाकीत वीतभर पाणी होतं.

"गल्ली देईल," आबा म्हणाले.

मी हसलो. या गल्लीत नळावर घागर आधी कुणाची यावरून दोन घरं तीन वर्षं बोलत नव्हती. मी इतिहास शिकवतो. माणसांबद्दल माझ्या अपेक्षा माफक आहेत.

शुक्रवारी सकाळी आबा घरोघर निघाले. गंमत बघायला म्हणून मी मागे गेलो. पहिलं घर जाधवकाकूंचं. काकू ओट्यावर भांडी घासत होत्या, राखेने, कारण राखेला पाणी कमी लागतं.

"काकू, चार घागरी पायजेत."

"कशाला ओ आबा?"

"वतायला."

"कुठं?"

"गटारीत."

काकूंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "सात दिवस झाले मी राखेनं घासायलेय, आन् तुमी माझं पानी गटारीत वतनार? ऊन लागलं का तुमाला?"

"माईला उद्या घरी आनायचंय," आबा म्हणाले. "दवाखान्यात त्या पानी पिईनात."

"कावून?"

आबांनी टोपी काढून हातात घेतली. काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घेतली.

"चार म्हनले का पाच?" काकूंनी विचारलं.

पुढच्या घरांत आबांना बोलावंच लागलं नाही. काकू पुढे गेल्या. त्या प्रत्येक दारात बायकांशी काहीतरी हलक्या आवाजात बोलत आणि पुढच्या दाराकडे वळत. चार वाजता आमच्या अंगणात घागरी, कळशा, ड्रम, बादल्या, एका घरचा पितळी हंडा, अशी रांग लागली. न बोलणारी ती दोन घरंही आली होती. अजून बोलत नव्हती, पण एकाच पिंपाला दोन बाजूंनी धरून उभी होती.

आबांनी माझ्या हातात दोर दिला.

"मी? आबा, दार सोडणारे तुम्ही."

"हेडला काय, दोर वढायचा. कुनीबी वढंल. मी टेलला जातो." आणि ते गल्लीच्या टोकाच्या चेंबरकडे गेले. तिथून त्यांनी उपरणं हलवलं.

मी दोर ओढला. चेंबरने एक मोठा घोट घेतला. ड्रम कलंडले, पाणी गेलं, गल्लीच्या टोकाला उपरणं स्थिर राहिलं. काही आलं नव्हतं. पुन्हा बोळा, पुन्हा घागरी. माणसांनी आपल्या घरचं पिण्याचं पाणी ओतलं आणि कुणी तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्यांदाही उपरणं हललं नाही. सुनीता हळूच म्हणाली, "सुधीरभावजींना फोन करून ठेवू का?" मी बोळा पुन्हा बसवायला घेतला.

तिसऱ्यांदा दोर ओढला तेव्हा पायाखाली जमीन गुरगुरली. हे मी अलंकारिक लिहीत नाही. फरशीला हात लावून असलेल्या जाधवकाकूंनी हात मागे घेतला. आधी खोल कुठेतरी काहीतरी तुटल्यासारखं झालं, मग एक लांब, जाड, न थांबणारा आवाज आमच्या अंगणाखालून, उंबऱ्याखालून, हॉलखालून गल्लीकडे धावत गेला. पन्नास वर्षं आम्ही ज्याच्यावर जेवलो, झोपलो, भांडलो, ते सगळं खालून वाहत होतं आणि आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. नऊ घरांची माणसं रिकाम्या घागरी धरून उभी होती. गल्लीच्या टोकाला आधी काळं आलं, मग मातकट, मग मुळ्यांचा एक गुंता, मग एक स्टीलचा चमचा, जो जाधवकाकूंनी आपला म्हणून ओळखला. त्यांचा चमचा आमच्या लाईनीत कसा, यावर गल्लीत अजून मतभेद आहेत. शेवटी स्वच्छ पाणी आलं. लोक एकदम बोलायला लागले. आबांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि चेंबरच्या कडेवर बसले.

शनिवारी सुधीरची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. त्याने संडास पाहिला, आईला धरायला भिंतीला लावलेला दांडा हलवून पाहिला, आणि आईची पिशवी गाडीतून काढली. आई वॉकर धरून, सुनीताच्या आधाराने, कुणाकडेही न बघता आधी मागे गेली. दार लागलं.

चहा झाला होता. आबा कुठे दिसेनात म्हणून मी शोधायला निघालो. ते गल्लीच्या टोकाला, चेंबरचं झाकण चार बोटं सरकवून, उन्हात उकिडवे बसले होते.

"आबा, चहा."

"थांबा." त्यांनी हात वर केला. थोड्या वेळाने खालून पाणी वाहिल्याचा बारीक आवाज आला. "आलं," ते म्हणाले. "माई घरी आल्या."

मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. "आमची मंडळी, गया, दिसा पानी पीत नवती. गावात घरी सोय नवती. बाया अंधार पडल्यावर जायच्या. मी पाटावर. घरी आलो की म्हनायचो, हिला तहानच कमी हाय. चारचौघांत कवतिकानं सांगायचो. पुढं तिचं मूत्रपिंड गेलं. दवाखान्यातल्या बाईनं मला इचारलं, ह्या पानी कावून पीत न्हवत्या? तवा कळलं."

चेंबरात पाण्याचा आवाज बंद झाला होता.

"चौतीस वरस, सर," आबा म्हणाले. "टेलचं एक शेत कोरडं ठिवलं न्हाई."

आबांनी झाकण सरकवून बसवलं, त्यावर पाय देऊन हलत तर नाही ना पाहिलं, आणि चहा गार व्हायलाय म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आईने पाच वेळा पाणी मागितलं. पाचव्यांदा सुधीर उठला, आणि स्वयंपाकघरात जाऊन पिंपातल्या तळच्या पाण्याकडे बघत उभा राहिला. गल्लीने आपापली पिंपं रिकामी केली होती ती रविवारी नळ येणार या भरवशावर.

रविवारी नळ आला नाही. तो गुरुवारी आला.